राज्यशास्त्र स्वतः करून कसं शिकायचं? आपल्याच मतदारसंघापासून सुरू करा

बीए-एमएला राज्यशास्त्र घेतलेल्या पोरांना एकच टेन्शन असतं, एमपीएससी सोडलं तर या विषयाचं पुढे करायचं काय. बाकीच्यांना वाटतं हा विषय म्हणजे कलमं पाठ करणं, नाहीतर चॅनलवर बसून वारं कुणाचं ते सांगणं. विषय नक्की काय आहे ते बघायचंय ना, मग एक छोटा अभ्यास स्वतः करा, त्याला एक्सेल, पेशन्स आणि लोकांशी बोलायची तयारी एवढं पुरतं.

आधी प्रश्न ठरवा. "महाराष्ट्राचं राजकारण" हा प्रश्न नाही, त्यावर आयुष्य जाईल. "आमच्या तालुक्यात २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीला लीड होतं, ते सहा महिन्यांच्या आत विधानसभेला कुठल्या गावांत हातचं गेलं?" हा प्रश्न झाला. राज्यभर तेच झालं होतं, लोकसभेला ४८ पैकी ३० जागा आघाडीच्या आणि विधानसभेला २८८ पैकी १३२ एकट्या भाजपच्या. आणि गंमत म्हणजे लोकसभेला महाविकास आघाडी ३० विरुद्ध महायुती १७ असा निकाल लागला तरी दोघांची मतांची टक्केवारी जवळपास सारखीच होती, त्यामुळे जागा बघून लाट वगैरे ठरवू नका, आधी मतं बघा.

आता डेटा. मतदारसंघाचे एकूण आकडे निवडणूक आयोगाच्या साइटवर मिळतात, जुन्या निवडणुकांचे एकत्र हवे असतील तर अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी सेंटरची लोकढाबा ही साइट बघा. खरी मजा फॉर्म २० मध्ये आहे, त्यात बूथवार मतं असतात, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर शोधा. बऱ्याचदा तो वाकडातिकडा स्कॅन केलेला पीडीएफ निघतो, एआयकडून टेबल काढून घेतलंत तर प्रत्येक पानाची बेरीज स्वतः जुळवा, कारण ३ चा ८ झाला की अख्खं गाव दुसऱ्या पक्षात जातं 😅. अजून एक, बूथचे नंबर दर निवडणुकीला तेच राहतील असं नाही, म्हणून नंबर जुळवत बसू नका, मतदान केंद्रांच्या यादीतून गाव आणि शाळेचं नाव जुळवा. आणि २००४ ची तुलना २००९ शी सरळ करू नका, मधे २००८ ला मतदारसंघांची पुनर्रचना झालीये, नाव तेच असलं तरी गावं बदललेली असू शकतात.

गणित फार नाही. टक्केवारी काढा, लीड काढा, आणि लढत खरंच किती जणांत होती ते बघा. त्याचं लाक्सो आणि तागेपेरा यांनी १९७९ मध्ये दिलेलं सोपं सूत्र आहे, प्रत्येकाच्या मतवाट्याचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा आणि १ ला त्या बेरजेने भागा. तिघांना ४०, ४० आणि २० टक्के मिळाली तर ०.१६ + ०.१६ + ०.०४ म्हणजे ०.३६, उत्तर साधारण २.८, म्हणजे लढत जवळपास तिघांत होती. बंडखोर खरंच लढतीत होता की नुसती हवा होती ते यात दिसतं.

इथे बहुतेक जण घसरतात. एखाद्या बूथवर अमुक समाज जास्त आहे आणि तिथे अमुक पक्षाला जास्त मतं पडली, म्हणून त्या समाजाने त्या पक्षाला मत दिलं, असं लिहून मोकळे होतात. अहो, त्याच बूथवरच्या बाकीच्यांनी दिलं असेल तर? रॉबिन्सन नावाच्या संशोधकाने हा घोळ १९५० मध्येच दाखवून दिला होता, तरी निकालाच्या रात्री चॅनलवर तेच चालू असतं.

म्हणून माणसांकडे जावंच लागतं. टपरीवरच्या दहा जणांना विचारलं म्हणजे सर्व्हे होत नाही, तिथे बायका नसतात, शेतमजूर नसतात. मतदार यादी घ्या आणि ठरावीक अंतराने नावं उचला. माणूस घरी सापडला नाही म्हणून शेजाऱ्याला धरू नका, परत जा. मत कुणाला दिलं हे तोंडावर विचारलं की "आमच्याकडे सगळेच येतात हो" एवढंच मिळतं, त्यामुळे निवडणुकीचे सर्व्हे करणारे लोकनीतीवाले नकली मतपत्रिका देऊन डब्यात टाकायला सांगतात, तसं करा. आधी पाणी, रस्ता, पीकविमा यावर बोलू द्या, मधे तोडू नका.

आकडे मोठे की माणसांत फिरणं मोठं, हे भांडण या विषयात जुनंच आहे. अमेरिकेत १९५०-६० च्या दशकात वर्तनवादाने, म्हणजे लोक प्रत्यक्षात कसं वागतात ते मोजायचं म्हणणाऱ्या प्रवाहाने, आकड्यांचा धडाका लावला आणि त्यातलेच एक मोठे नाव, डेव्हिड ईस्टन, १९६९ मध्ये म्हणाले की समाज पेटलेला असताना आपलं संशोधन त्याच्या कामाचं असायला हवं. २००० साली तिथे परत पेरेस्त्रोइका नावाने निनावी ईमेल फिरला, तक्रार पुन्हा तीच, सगळं गणितच का. आपल्याकडे राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी १९६३ मध्ये सीएसडीएस ही संशोधन संस्था काढली, तिथून १९६७ पासूनचे राष्ट्रीय निवडणूक अभ्यास आले. माझं मत विचाराल तर पुढची नोकरी आणि पुढचं चांगलं संशोधनही दोन्ही येणाऱ्यालाच आहे. कोड लिहिणारे भरपूर मिळतील, पण विधानसभेतली मराठी भाषणं वाचून त्यातला टोमणा कळणारा आणि वर आकडेही चालवणारा माणूस शोधावा लागतो.

झालं की दीड-दोन हजार शब्दांत लिहा, नकाशा जोडा, ज्यांच्याशी बोललात त्यांची नावं काढून टाका. आणि प्राध्यापकांना द्यायच्या आधी त्या भागातल्या दोन वेगळ्या पक्षांच्या बूथ कार्यकर्त्यांना वाचायला द्या. जिथे दोघंही हसतील तो परिच्छेद परत तपासा.