जखमेच्या मेकअपचे ब्रश: आधी माल बघा, मग आकार

एकांकिका स्पर्धांचे दिवस आले की कॉलेजची पोरं कडक झालेले ब्रश घेऊन माझ्याकडे येतात. "ताई, रात्रभर पाण्यात ठेवला, तरी निघूनच नाही राहिलं." नाहीच निघणार. आत लॅटेक्स, म्हणजे खोटी कातडी बनवायचा रबराचा पातळ चीक, वाळलेला असतो. वाळलं की त्याचं रबर होतं आणि रबर पाण्यात विरघळत नाही.

साध्या मेकअपचा ब्रश साबणाने धुतला की काम झालं. जखमा, भाजलेली कातडी, दाढी-मिशा या कामात तसं चालत नाही. इथे दर माल, म्हणजे लावायचा पदार्थ, वेगळ्या गोष्टीने सुटतो. म्हणून माझ्या पेटीत ब्रश मालाप्रमाणे लावलेले असतात. दांडीला वायरमनची रंगीत टेप गुंडाळा: लाल लॅटेक्सला, पिवळी स्पिरिट गमला (दाढी-मिशा चिकटवायचा गोंद), निळी अल्कोहोलच्या रंगांना, हिरवी ग्रीसपेंटला (तेलकट रंग). ग्रीनरूममध्ये तिसरी घंटा होत असताना कोणीही ब्रश उचलून दिला, तरी चुकत नाही. केस मात्र कृत्रिमच घ्या. नैसर्गिक केस माल पिऊन घेतात आणि अल्कोहोलने कोरडे पडून तुटायला लागतात.

लॅटेक्ससाठी महागडा ब्रश घेऊच नका. आपल्या नागपुरात इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात वार्निशचे स्वस्त ब्रश मिळतात, ते पुरतात. आधी ब्रश भांड्यांच्या लिक्विड साबणात बुडवा, बोटांनी पिळा आणि मगच लॅटेक्समध्ये घाला. साबणाचा थर केसांवर राहतो, त्यामुळे लॅटेक्स मुळाशी घट्ट बसत नाही. दोन थरांच्या मध्ये ब्रश साबणाच्या पाण्यात उभा ठेवा. पुन्हा वापरताना जास्तीचं पाणी टिपून घ्या. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये चेहऱ्यावरचा थर बघता बघता वाळतो, तसा ब्रशमधलाही वाळतो. घरी जाऊन धुवू म्हटलं की तो ब्रश गेलाच. भुवयांवर आणि केसांच्या कडेला आधी व्हॅसलिन लावा. काहींना लॅटेक्सची अॅलर्जी असते, म्हणून आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा.

लाल टेपचा ब्रश सिलिकॉनला कधीच लावायचा नाही. लॅटेक्सचा अंश लागला की प्लॅटिनम सिलिकॉन (खोट्या जखमांचं एक प्रकारचं सिलिकॉन) नीट जमत नाही, चिकट राहतं. त्या कामाला हातमोजेसुद्धा नायट्राइलचे घाला.

रामनवमीच्या शोभायात्रेतल्या चित्ररथावर ऋषीची दाढी तासन् तास घामात टिकवायची असते, तिथे स्पिरिट गम लागतो. पातळ थर द्या, बोटाने टपटप करून चिकट होऊ द्या, मग क्रेपचे केस बसवा. हा ब्रश अल्कोहोलने किंवा गमच्या रिमूव्हरने सुटतो, पाण्याने नाही. प्रॉस-एड या दुसऱ्या गोंदाचं उलट आहे. ओलं असताना साबण-पाण्याने निघतं, वाळल्यावर मात्र त्याचा रिमूव्हरच लागतो.

अल्कोहोलवर चालणारे रंग माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचे. घामाने सहज उतरत नाहीत आणि पातळ लावले तर खालची कातडी दिसत राहते. सोबत ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. ७० टक्क्यांच्यात पाणी जास्त असल्यामुळे रंग नीट सुटत नाही. मुका मार दाखवायचा तर आधी खरखरीत काळ्या स्पंजने तुटक लाल ठिपके. त्यावर चपट्या ब्रशने जांभळा, अगदी पाण्यासारखा पातळ, मधे गडद आणि कडेला विरत गेलेला. मार काही दिवसांचा जुना असेल तर कडेला हिरवट आणि पिवळा. कड कुठेही रेघेसारखी दिसली, तर ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून टिश्यूवर टिपा आणि त्या कोरडसर ब्रशने कड पुसत न्या. शिरांसाठी बारीक लायनर ब्रश. मूर्तिकारांच्या चितारओळीत देवीचे डोळे आखणाऱ्यांचा हात एकदा उभं राहून बघा. करंगळीचा टेकू, दांडी सैल, श्वास रोखलेला. शीर आखतानाही हात तसाच ठेवा आणि ब्रश बोटांत किंचित फिरवत ओढा, म्हणजे रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते. डोळ्यांजवळ मात्र हे रंग नकोत.

हा ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवू नका. नुसतं टोक बुडवा, टिश्यूवर ओढा, रंग उतरेपर्यंत परत परत. केस जिथे पत्र्याच्या टोपीत बसवलेले असतात, तिथला गोंद अल्कोहोलने आणि गरम पाण्याने सैल होतो आणि मग ऐन जखमेवर केस गळतात. खिडकी उघडी ठेवा. ग्रीनरूममध्ये कोणी उदबत्ती लावली असेल, तर ती आधी विझवायला सांगा.

ग्रीसपेंटच्या ब्रशला आधी खोबरेल चोळा, मग भांड्यांचा साबण. खोट्या रक्तात साखरेचा पाक असेल तर कोमट पाणी पुरे, पण त्याच रात्री धुवा, नाहीतर सकाळी पेटीत मुंग्या.

नर्सिंगच्या मुलींच्या मॉक ड्रिलला एकामागून एक 'जखमी' बसतात. तिथे पॅलेटमधून थेट चेहऱ्यावर जायचं नाही. रंग स्टीलच्या ताटलीत काढा. दोन माणसांच्या मध्ये ब्रश आधी स्वच्छ करा, मग ७० टक्के अल्कोहोलने ओला करून पूर्ण वाळू द्या. निर्जंतुक करायला ९९ पेक्षा ७० चांगलं, कारण पाण्यामुळे ते जंतूंवर नीट काम करतं. डोळ्यांचे ब्रश प्रत्येकाला वेगळे.

धुतलेला ब्रश उभा ठेवला तर पाणी टोपीत उतरतं. बोटांनी टोक जुळवा आणि टेबलाच्या कडेवर केस बाहेर राहतील असा आडवा ठेवा. गच्चीवरच्या उन्हात अजिबात नको, लाकडी दांडी तडकते. पावसाळ्यात रात्रभर पंख्याखाली ठेवा. ओला ब्रश डब्यात बंद केला तर बुरशी धरते.

फिसकारलेले ब्रश फेकू नका. केस अर्धा सेंटिमीटर ठेवून कात्रीने सपाट कापा, राखाडी-काळ्या रंगात टेकवून टिश्यूवर टिपा आणि हनुवटीवर उभे टोचत जा. दाढीचे खुंट इतके खरे उठतात की पहिल्या रांगेतूनही ओळखू येत नाहीत.