चिपवर रक्तातले सीटीसी पकडताना: आधी रक्त सांभाळा

कॅन्सरच्या गाठीतून सुटून रक्तात फिरणाऱ्या पेशी म्हणजे सीटीसी, आणि त्या इतक्या कमी असतात की 10 मिली रक्तात कधी चार-पाच मिळतात, कधी एकही नाही, आजूबाजूला मात्र अब्जावधी लाल पेशी. त्यामुळे एकही पेशी वाया घालवणं परवडत नाही, समोर कुणाचं तरी रक्त आहे हे डोक्यात ठेवा.

रक्त घेताना पहिली ट्यूब सीटीसीसाठी वापरू नका, सुईबरोबर कातडीच्या पेशी येतात आणि रंगवल्यावर त्याही कॅन्सरच्याच वाटू शकतात. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली ट्यूब हलकेच 8-10 वेळा उलटसुलट करा, फ्रीजमध्ये टाकू नका, आम्ही चार तासांच्या आत चिपवर, म्हणजे आतून रक्त वाहू शकेल अशा बारीक वाटा असलेल्या छोट्या पट्टीवर, घेतो.

चिपचं तत्त्व साधं आहे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या मेहमेत टोनर यांच्या टीमने 2007 मध्ये 78,000 बारीक खांबांची चिप दाखवली, खांबांवर ईपीकॅमला (गाठीच्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाला) पकडणारी अँटिबॉडी, रक्त तासाला 1-2 मिली वेगाने जातं आणि पेशी खांबाला घासली की चिकटते. घाई केली तर ती निसटते.

खरा त्रास बुडबुड्यांचा. पीबीएस (पेशींना न दुखावणारं खारं द्रावण) आधी व्हॅक्यूममध्ये ठेवून हवा काढा, मग चिपमध्ये सावकाश भरा, कोपऱ्यात एक जरी बुडबुडा दिसला तरी रक्त सोडायचं नाही, मागे या आणि परत भरा. नंतर बीएसए (पृष्ठभाग झाकणारं प्रथिन) घालून अर्धा-एक तास थांबा म्हणजे नको त्या पेशी कमी चिकटतात. पंप आडवा ठेवून निघून गेलात तर सिरिंजमध्ये वर पिवळा प्लाझ्मा आणि खाली लाल थर दिसेल, म्हणजे पेशी बसल्या, तेव्हा सिरिंज मधूनमधून हलवत राहा.

आउटलेटमधून द्रव स्वच्छ येईपर्यंत पीबीएसने धुवा, फिक्स करा (रसायनाने पेशी आहेत तशा पक्क्या करा), मग रंगवा: डॅपी (पेशीकेंद्राचा रंग) आणि सायटोकेरॅटिन (अस्तराच्या पेशींतलं प्रथिन) दिसलं, सीडी45 (पांढऱ्या पेशींवरचं प्रथिन) नाही, तर सीटीसी धरायची, सीडी45 असेल तर पांढरी पेशी. आरएनए काढायचा असेल तर मात्र फिक्स करू नका.

आणि पेशंटचं सँपल लावण्याआधी निरोगी माणसाच्या रक्तात एमसीएफ-7 च्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या) मोजून 100 पेशी टाकून बघाच, किती परत मिळाल्या ते लिहून ठेवा. शिवाय काही सीटीसींवर ईपीकॅम कमी झालेला असतो, त्या या चिपला सापडतच नाहीत, म्हणून रिपोर्टमध्ये 'सीटीसी नाहीत' असं लिहू नका, 'ईपीकॅम चिपवर सापडल्या नाहीत' असं लिहा.