सोलापुरातून वास्तुकलेचा छोटा अंक काढायचा तर

वास्तुकलेवर किंवा आजच्या चित्रकलेवर स्वतःचा अंक काढायचं ठरलं की बहुतेक जण आधी लेख गोळा करायला लागतात. लेख येतात, फोटो येतात. मग प्रेसवर गेल्यावर कळतं की पानं ५२ होताहेत, रंगीत फोटो अंकभर विखुरलेत आणि खर्च आवाक्याबाहेर गेलाय. म्हणून उलट्या क्रमाने चला. आधी मशीन, मग कागद, मग पानांचा हिशेब, आणि त्यात बसेल असा मजकूर. बडोद्याहून गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी १९६९ ते १९७३ या काळात 'वृश्चिक' काढलं. चित्रकारांनी स्वतः काढलेला, मोजक्या पानांचा अंक किती दूर पोचतो ते त्यातून कळतं.

सोलापुरात विषयांची वाण नाही. १८७७ची जुनी गिरणी, आज महापालिकेच्या ताब्यात असलेली वारदांची इंद्रभुवन इमारत, आणि शहराच्या पूर्व भागातली विणकरांची घरं, जिथे राहण्याच्या खोलीला लागूनच माग चालतो. पहिल्या अंकाला यातला एकच विषय घ्या. 'सोलापूरची वास्तुकला' असा विषय घेतला की प्रत्येक इमारतीला दीड पान येतं आणि एकाही इमारतीचा नकाशा धड छापता येत नाही.

मशीन, ताव, फर्मा

प्रेसवर पहिला प्रश्न दराचा नको, मशीन किती इंची आहे हा हवा. २० बाय ३० इंचाचा पूर्ण ताव चालत असेल तर एका तावावर दोन्ही बाजू मिळून १६ पानं बसतात आणि कापून झाल्यावर पान साधारण ७.२५ बाय ९.५ इंचाचं होतं. नकाशांसाठी हा आकार चांगला. छोट्या मशीनवर १५ बाय २०चा अर्धा ताव चालतो. तिथे फर्मा, म्हणजे एका तावावर दोन्ही बाजूंनी छापून घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा, ८ पानांचा होतो आणि प्लेटा (छपाईचे पत्रे, तावाच्या प्रत्येक बाजूच्या प्रत्येक रंगाला एक) दुप्पट लागतात. दर सांगताना हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

पहिला अंक ४८ पानांचा ठेवा, म्हणजे तीन फर्मे, शिवाय कव्हर वेगळं. ३०० प्रतींना ९०० ताव लागतात. रंग आणि जुळणी (ठसे नेमके जागेवर पडणं) बसेपर्यंत दर फर्म्याला ७५ ताव वाया जातात असं धरा. एकूण ११२५, म्हणजे ५०० तावांची एक अशी सव्वादोन रीम. शंभरेक प्रतीच हव्या असतील तर ऑफसेटच्या नादी लागू नका. १२ बाय १८च्या तावावर डिजिटल प्रिंट काढा, तिथे प्लेटांचा खर्चच नाही.

आता रंगाचं. ४८ पानं एकरंगी छापली तर ६ प्लेटा, सगळी चौरंगी, म्हणजे निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईत छापली तर २४. मधला मार्ग असा: पिन बाइंडिंगमध्ये फर्मे एकात एक बसतात, त्यामुळे सगळ्यात आतल्या फर्म्यावर १७ ते ३२ ही पानं सलग येतात. या तावाची फक्त आतली बाजू चौरंगी करा. मग १८-१९, २२-२३, २६-२७ आणि ३०-३१ या समोरासमोरच्या जोड्या रंगीत मिळतात आणि एकूण प्लेटा होतात ९. रंगीत चित्रं याच आठ पानांवर बसवायची, बाकी अंक काळ्यात. फक्त एक लक्षात ठेवा. मधलं २४-२५ हे एकच सलग कागद असलेलं पान तावाच्या दुसऱ्या बाजूला येतं. दोन पानांवर पसरलेला मोठा नकाशा तिथेच टाका. इतर कुठल्याही जोडीत रेष घडीपाशी एखाद-दोन मिलिमीटर वरखाली होते आणि भिंत तुटल्यासारखी दिसते.

हे सगळं डोक्यात ठेवणं अवघड आहे, म्हणून डमी करा. १२ ए-फोर कागद मधोमध दुमडून एकात एक घाला, ४८ पानं तयार होतील. हाताने आकडे घाला, प्रत्येक पानावर काय येणार ते पेन्सिलीने लिहा आणि रंगीत पानांना खूण करा. लेखकांना शब्दमर्यादा या डमीवरून द्या.

कागद ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे लेप नसलेला छपाईचा कागद, शक्यतो नॅचरल, किंचित पिवळसर शेडचा. गुळगुळीत लेप असलेल्या आर्ट पेपरवर फोटो उठून दिसतात हे खरं, पण ट्यूबलाइटखाली तो चमकतो आणि बारीक रेषांचा नकाशा वाचता येत नाही. मॅपलिथोला दोन पथ्यं पाळावी लागतात. हा कागद शाई पितो, त्यामुळे फोटोतल्या सावल्या बुजतात. फोटोतला सगळ्यात गडद काळा ९० टक्क्यांच्या आसपास आणा, मधला करडा थोडा उजळ करा आणि रंगीत फोटोत चारही शाईंची बेरीज २६० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. दुसरं म्हणजे गडद फोटो मागच्या पानावर दिसतो. फोटोच्या पाठीमागे नकाशा ठेवू नका, मजकूर किंवा दुसरा फोटो ठेवा. २४-२५ वर मोठा नकाशा असेल तर त्याच्या पाठीच्या २३ आणि २६ या पानांवर गडद फोटो नको.

मोजणी आणि नकाशा

अशा अंकाचा जीव मोजून काढलेल्या नकाशात असतो. फोटो कुणाच्याही मोबाइलमध्ये असतात. पण मागाच्या खोलीची रुंदी किती, माग आणि भिंत यांच्यात माणूस उभा राहायला जागा किती, उजेड कुठल्या खिडकीतून येतो, हे कुठेच लिहिलेलं नसतं. आणि ही घरं मजल्या-मजल्याने बदलत चालली आहेत.

प्रत्येक खोलीच्या चारही बाजू मोजा आणि त्यासोबत दोन्ही कर्ण मोजा. जुन्या घरात कोपरे काटकोनात नसतात. कर्ण घेतले नाहीत तर घरी येऊन काढलेला नकाशा शेवटच्या भिंतीपाशी जुळत नाही आणि परत जावं लागतं. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मिळते. जोत्याची उंची, पायऱ्यांची संख्या, छताची उंची, पंख्याच्या हुकापर्यंतचं अंतर टिपून घ्या. मागही मोजा आणि नकाशात त्याच्या जागी काढा. रिकाम्या खोलीचा नकाशा त्या घराबद्दल फारसं काही सांगत नाही. फोटो माग बंद असताना काढा. चालत्या यंत्रमागाने फरशी हादरते आणि ट्रायपॉडवर ठेवलेला कॅमेराही हलतो.

समास सोडून पानावर साधारण १५० मि.मी. रुंदी मिळते. म्हणजे एकास पन्नास प्रमाणात साडेसात मीटरचं घर बसतं, एकास शंभरात पंधरा मीटरचं. नुसता '१:५०' आकडा छापू नका, नकाशाखाली मोजपट्टी काढा. पुढे कुणी पान लहान-मोठं करून झेरॉक्स काढली तरी पट्टी खरी राहते, आकडा खोटा ठरतो. उत्तर दिशेचा बाण विसरू नका. कापलेली भिंत ०.५ मि.मी., दिसणाऱ्या कडा ०.१८, फरशीच्या रेषा ०.१, त्याहून बारीक रेष प्लेटवर टिकत नाही. बारीक रेष कधीही करड्या रंगात देऊ नका. करडा छापताना ठिपक्यांत मोडतो आणि रेषेऐवजी तुटक टिंबं येतात. रेष शंभर टक्के काळी, हलकी हवी तर बारीक करायची. हाताने काढलेले नकाशे १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन करा, फोटोंना छापील मापात ३०० पुरतात.

परवानगीचं थोडक्यात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार इमारतीचा फोटो किंवा चित्र छापायला वास्तुविशारदाची परवानगी लागत नाही. त्याने काढलेला मूळ नकाशा छापायचा तर लागते, फोटो काढणाऱ्याचीही लागते. भिंतीवर रंगवलेलं चित्र रस्त्यावरून दिसत असलं तरी ते चित्र आहे, इमारत नाही, तेव्हा चित्रकाराची लेखी संमती घ्या. भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिथे ट्रायपॉड न्यायचा तर आधी विचारा. लोकांच्या घरांच्या बाबतीत संमती घेतलीत तरी घर क्रमांक छापू नका, पेठेचं नाव पुरे. मात्र प्रत्येक फोटोखाली महिना आणि वर्ष छापा. दहा वर्षांनी अंक उघडणाऱ्याला सगळ्यात आधी तेच लागतं.

मराठी अक्षरजुळणी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या मजकुरात नसतात, फॉन्टात असतात. लेखकांकडून मजकूर युनिकोडमध्येच मागा. श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत) आला तर रूपांतर करून घ्या आणि मूळ प्रिंट शेजारी ठेवून वाचा. रफार, 'ऱ्य', 'ॲ', 'ऑ' आणि अवतरणचिन्हं हमखास बिघडतात. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय) निवडला नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. मजकुराची भाषा मराठी अशी ठरवून द्या. फॉन्टात सोय असेल तर 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. 'मुक्त' आणि 'तिरो देवनागरी मराठी' हे दोन्ही फॉन्ट मोफत आहेत आणि छपाईत चांगले उठतात.

अक्षर ११ पॉइंट, ओळीतलं अंतर १६. वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांना तेवढी जागा लागतेच. या आकाराच्या पानावर एकच रुंद रकाना केला तर ओळ लांबते आणि नजर पुढची ओळ चुकते, म्हणून दोन रकाने करा. पण दोन रकान्यांत दोन्ही बाजूंनी ओळी ताणू नका. मराठी शब्द लांब असतात, ते सहसा तोडत नाहीत, आणि मग शब्दांमध्ये पांढरी भगदाडं पडतात. डावी बाजू सरळ, उजवी मोकळी ठेवा.

पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरांवर अंक काढून त्यात तेलुगू नसावं हे बरं दिसत नाही. निदान फोटोंच्या ओळी तेलुगूत द्या. तेलुगू अक्षरं देवनागरीपेक्षा रुंद आणि खाली उतरणारी असतात, तेव्हा एक पॉइंट लहान अक्षर आणि जास्त अंतर ठेवा. कन्नडचंही तसंच. उर्दू लेख घेणार असाल तर तो मलपृष्ठाच्या बाजूने सुरू करा. अंकाच्या मध्ये टाकला तर वाचणाऱ्याला पानं उलट्या दिशेने चाळावी लागतात. प्रूफ ती भाषा वाचणाऱ्यानेच तपासलं पाहिजे.

पीडीएफ काढताना सगळीकडून ३ मि.मी. ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई), फॉन्ट एम्बेड म्हणजे फाइलमध्येच, आणि मजकूर फक्त काळ्या प्लेटवर. मजकूर चारही रंगांत गेला तर जुळणी जरा हलली तरी प्रत्येक अक्षराला रंगीत कड दिसते. ही तपासणी तुम्ही करा, प्रेसवर सोडू नका. प्लेट निघण्याआधी दुमडून पिन मारलेलं प्रूफ मागा आणि पानांचे क्रमांक मोठ्याने वाचत उलटा.

कव्हर आणि बांधणी

कव्हरला २५० जीएसएमचा कार्ड. दुमडण्याआधी क्रीझ (घडीची खाच) मारून घ्या, नाहीतर घडीवर शाई तडकते. एकरंगी स्क्रीन प्रिंटचं कव्हर स्वस्त आणि देखणं होतं, लग्नपत्रिका आणि पिशव्या छापणारे हे काम करतात. ठळक आकार आणि जाड रेषा द्या, फोटो देऊ नका. मागाच्या घरांवरचा अंक असेल तर चादरीच्या जॅकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची) भोकं पाडलेली बाद कार्डं मिळतात का पाहा. प्रत्येक प्रतीत एक टाका, वाचकाच्या हातात त्या कामाचा खराखुरा तुकडा जाईल.

४८ पानांना दोन पिना पुरतात. आतली पानं बाहेर सरकतात आणि कापताना त्यांची कड जास्त जाते, म्हणून बाहेरच्या बाजूला मजकूर कडेपासून १२ मि.मी. आत ठेवा. पुढचा अंक ९६ पानांचा झाला तर ८० जीएसएममध्ये कणा पाचेक मिलिमीटरचा होतो आणि परफेक्ट बाइंडिंगचा, म्हणजे कण्याला गोंदाने पानं चिकटवण्याचा मोह होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जरा थांबून विचार करा. नेहमीचा गरम गोंद पत्र्याच्या गोडाऊनमध्ये किंवा उन्हात उभ्या टेम्पोत मऊ पडतो आणि पानं सुटतात. थोडे पैसे घालून जुजबंदी शिलाई (फर्मे दोऱ्याने शिवणं) करून घेणं चांगलं. त्यात कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, कण्याला समांतर हवा. आडवा असेल तर पान नीट उलटत नाही आणि कण्यापाशी लाटा येतात.

वेळ पाहून काम द्या. दिवाळी अंक, मग कॅलेंडरं, मग लग्नसराई. या गर्दीत ३०० प्रतींचं काम मागे पडतं. जुलै-ऑगस्ट बरा.

नोंदणी, किंमत, वाटप

पहिल्या अंकावर 'वर्ष १, अंक १' किंवा 'त्रैमासिक' छापू नका. एकदाच निघणारं पुस्तक म्हणून काढा आणि राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) घ्या, त्याला शुल्क नाही. बारकोड काळाच ठेवा. स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्यामुळे लाल रेघा त्याला दिसत नाहीत. ठरावीक काळाने सार्वजनिक घडामोडींवर लिहिणारा अंक काढायचा तर १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याप्रमाणे प्रेस सेवा पोर्टलवर शीर्षकाची नोंदणी लागते. १९५४च्या कायद्यानुसार पुस्तकाच्या प्रती कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या चार ग्रंथालयांना प्रकाशनापासून ३० दिवसांत पाठवाव्या लागतात. त्या छपाईच्या हिशेबातच धरा. एक प्रत सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयाला द्या, आणि ज्यांची घरं मोजलीत त्या प्रत्येकाला एक.

किंमत ठरवताना छपाई-बांधणीचा प्रतीमागचा खर्च तिप्पट करा. दुकानदार ३५ ते ४० टक्के घेतो, टपाल आणि फुकट वाटलेल्या प्रतीही त्यातूनच निघायच्या असतात. या मापाच्या अंकाचं वजन साधारण ११० ग्रॅम भरतं. मागे-पुढे पुठ्ठा घालून पाकीट तयार करा, काट्यावर ठेवा आणि टपाल कार्यालयात त्या दिवशीचा दर विचारूनच वर्गणीचा आकडा जाहीर करा. कामाची फाइल फॉन्ट आणि फोटोंसकट पॅकेज करून दोन ठिकाणी ठेवा. प्लेटा प्रेस ठेवून घेत नाही, दुसरी आवृत्ती निघाली तर त्या पुन्हा काढाव्या लागतात.