रानमोडी मुळासकट कशी काढावी

काजूच्या बागेत किंवा परसाच्या गडग्यालगत एकदा रानमोडीने बस्तान बसवले की दरवर्षी कोयत्याने बेणणी करूनही ती हटत नाही, आणि याचे कारण तिच्या चिवटपणात जितके आहे तितकेच आपल्या कापण्याच्या पद्धतीतही आहे. मूळची अमेरिकेतली ही वनस्पती १९व्या शतकात शोभेसाठी म्हणून भारतात आली. समोरासमोर येणारी, त्रिशूळासारख्या तीन ठळक शिरांची आणि चुरगळल्यावर उग्र वास देणारी पाने पाहिली की ओळख पटते.

जमिनीलगत, खोड आणि मूळ जिथे मिळतात, तिथे लाकडासारखी टणक गाठ असते. वरून एक फांदी कापली की त्या गाठीतून चार कोंब फुटतात, म्हणून गाठ निघाली नाही तर मेहनत वाया जाते. पावसाने माती भिजलेली असताना, शक्यतो आषाढात, झुडूप बुंध्याशी धरून ओढावे. मुळे तंतुमय आणि फार खोल नसल्यामुळे लहान रोप हातानेच येते. जांभ्या दगडाच्या फटीत रुजलेले जुने झुडूप मात्र ओढल्यास गाठीवरच तुटते, तेव्हा आधी पिकावाने बाजूची माती सैल करून मग गाठ उचकटावी. उपटलेली झुडपे ओल्या मातीवर न टाकता मुळे वर करून दगडावर पसरावीत, कारण पावसात ती पुन्हा रुजतात.

आषाढ हुकला तर चतुर्थीनंतर, पण फुले येण्यापूर्वी, म्हणजे साधारण दिवाळीच्या आसपास काम उरकावे. पुष्कळ बागायतदार काजूच्या हंगामाच्या तोंडावर, फेब्रुवारीत, सफाई करतात. तोवर बी पिकलेले असते आणि झुडूप हलवताच ते केसाळ बी वाऱ्यावर बागभर उडते. वाळलेली रानमोडी जागीच पेटवणे तर त्याहून वाईट, कारण ती भडकन पेट घेते, काजूची झाडे होरपळतात आणि तिची स्वतःची गाठ पुढच्या पावसात फुटते.

फुलण्याआधी काढलेला पाला खतखड्ड्यात चालतो, गुरांना मात्र घालू नये. विहिरीजवळ तणनाशक मी वापरणार नाही.

मोकळी झालेली जागा उघडी ठेवू नये. रानमोडीला ऊन हवे असते, त्यामुळे तिथे झावळ्यांचे जाड आच्छादन घालावे किंवा चवळी पेरावी. मातीतले जुने बी काही वर्षे उगवत राहते. श्रावणात बागेत फेरी मारताना दोन बोटांच्या चिमटीत येणारी ती रोपे तेव्हाच उपटून टाकावीत.