खानदेशातून वर्षभरासाठी जर्मनीत येणाऱ्या छायाचित्रकारांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून शिक्षणासाठी किंवा एखाद्या प्रकल्पासाठी काही महिने बर्लिनला येणारा छायाचित्रकार पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न बहुधा लेन्सचा असतो. येथे इतकी वर्षे राहून माझे मत असे झाले आहे की, तो प्रश्न सर्वांत सोपा आहे. खरी तयारी परवानगीची आणि प्रकाशाची करावी लागते, कारण या दोन्ही बाबतींत आपल्याकडच्या सवयी येथे चालत नाहीत.

सामानाचे आधी उरकून घेतो. नेहमीच्या हातातला कॅमेरा आणि दोन लेन्स पुरेशा आहेत. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवाव्यात. 100 वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सहसा अडचण येत नाही. 100 ते 160 वॅट-तासांच्या दोनच सुट्या बॅटऱ्या, त्याही विमान कंपनीची संमती घेऊन, नेता येतात. ट्रायपॉड येथे जुना, चांगला मिळतो, त्यामुळे बॅगेतली ती जागा घरच्या काळ्या मसाल्याला द्यावी. मात्र तूप आणि पेढे ठेवू नयेत, कारण युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत. मुंबई विमानतळावर निघण्यापूर्वीच सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून कॅमेरा व लेन्सच्या सिरीयल नंबरांसह निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परतताना तेच सामान परदेशात विकत घेतले आहे काय, हा वाद उद्भवत नाही.

व्हिसा कोणत्या कारणासाठी मिळाला आहे, यावर येथे काय कमावता येईल हे ठरते. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला 140 पूर्ण दिवस नोकरी करता येते, परंतु स्वतंत्र व्यवसाय म्हणून छायाचित्रण करायचे असल्यास परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. भारतीय कुटुंबांच्या लग्ना-बारशांची कामे आल्याबरोबर ओळखीतून येऊ लागतात, पैसे रोख मिळतात, आणि ‘कोण विचारतो?’ असे सांगणारेही भेटतात. त्यांचे ऐकू नये. राहते घर मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र हवे असते. पत्रपेटीवर आपले नाव चिकटवायला विसरू नये. येथील बँक, आरोग्य विमा आणि कर कार्यालय अजूनही महत्त्वाचा मजकूर टपालानेच पाठवतात, आणि पेटीवर नाव नसेल तर तो परत जातो.

आता परवानगीविषयी. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात कॅमेरा काढला की घोड्याचा मालक फेटा सारखा करून स्वतःहून पुढे उभा राहतो, आणि त्यातून आपला असा समज होतो की रस्त्यावरचा चेहरा सर्वांचा असतो. जर्मनीत 1907 सालच्या कायद्यानुसार, ज्याचा चेहरा ओळखू येतो त्याचे छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. मिरवणूक, मोर्चा किंवा दृश्यात ओघाने आलेली माणसे यांना अपवाद आहे, पण एका माणसाला गर्दीतून वेगळे काढून टिपले की हा आधार डळमळतो. म्हणून जर्मन भाषेतील एका पानाचे संमतीपत्र सतत जवळ बाळगावे आणि आधी बोलावे, मग कॅमेरा उचलावा. लहान मुलांच्या बाबतीत पालकांना विचारल्याखेरीज कॅमेरा वळवूही नये. इमारतींना वेगळा नियम आहे: सार्वजनिक रस्त्यावरून दिसणारी, तेथे कायम असणारी वास्तू किंवा शिल्प टिपून ते छायाचित्र विकता येते. यातला ‘कायम’ हा शब्द महत्त्वाचा आहे. क्रिस्टो आणि जाँ-क्लोद या कलावंत दांपत्याने 1995 मध्ये बर्लिनमधील राइशस्टागची, म्हणजे जर्मन संसदेची, इमारत कापडात गुंडाळली, तेव्हा ती रचना तात्पुरती असल्यामुळे कलावंतांच्या परवानगीशिवाय तिची पोस्टकार्डे विकता येणार नाहीत, असा निकाल न्यायालयाने दिला.

प्रकाशाची सवय मोडायला याहून जास्त वेळ लागतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात जळगावात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे 45 अंश वर असतो; बर्लिनमध्ये तो जेमतेम 14 अंशांवर येतो आणि दुपारी चारच्या आतच मावळतो. आपल्याकडे पहाट आणि तिन्हीसांजेशिवाय चित्र काढू नये असे शिकवतात, पण येथे हिवाळ्यातल्या निरभ्र दिवशी दिवसभर सावल्या लांबच असतात. अडचण अशी की, असे दिवस थोडे असतात आणि कित्येक आठवडे आकाश राखाडी राहते, तेव्हा आयएसओ वाढवायला कचरू नये. बर्फ पडला की कॅमेऱ्याचा मीटर त्याला करडा करतो. काळ्या कसदार जमिनीचे चित्र काढताना आपण एक्स्पोजर कमी करतो, त्याच्या नेमके उलट, येथे एक ते दीड स्टॉप वाढवावे लागते. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून राखीव बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी. बाहेरून उबदार खोलीत येण्यापूर्वी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर लेन्सवर आणि आतही दव साचते.

अंधाराच्या त्या महिन्यांसाठी घरात करता येईल असे काम हाती असावे. निघण्यापूर्वी एकदा चाळीसगावला जाऊन केकी मूस यांची टेबल-टॉप छायाचित्रे पाहावीत, असे मी प्रत्येकाला सांगतो. विलायतेत कलेचे शिक्षण घेऊन परतलेल्या या माणसाने पुढचे जवळजवळ सारे आयुष्य स्टेशनजवळच्या बंगल्यात राहून, साध्या वस्तूंची टेबलावर मांडणी करून अख्खी निसर्गदृश्ये उभी केली. डिसेंबरात खिडकीबाहेर काही दिसेनासे झाले की, एक दिवा, एक टेबल आणि ही रीत पुरेशी असते.

परतीच्या वेळी घर सोडण्याच्या आठवडाभर आधीपासून पत्त्याची नोंदणी रद्द करता येते. ते केल्याशिवाय निघू नये, कारण त्या दाखल्यावरूनच विमा आणि रेडिओ-टीव्हीसाठी प्रत्येक घराला भरावे लागणारे दरमहाचे प्रसारण शुल्क बंद करून घेता येते. छायाचित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या बॅगांत ठेवाव्यात, आणि निर्यात प्रमाणपत्र पासपोर्टबरोबरच, सहज हाती येईल असे असावे.