येझदीच्या इंजिनाला चिकटलेली जुनी गॅस्केट कशी काढायची

जुन्या येझदी मोटरसायकलचं इंजिन उघडलं की क्लच कव्हरची आणि बोअरच्या (सिलिंडरच्या) खालची कागदी गॅस्केट, म्हणजे दोन भागांच्या सांध्यातून गळती होऊ नये म्हणून लावलेला पातळ थर, अशी चिकटलेली असते की सिमेंट लावलंय की काय असं वाटतं. पहिली गोष्ट, स्क्रूड्रायव्हर लांब ठेवा!! इंजिनाचं केस अॅल्युमिनियमचं आहे, बोअरच्या खालच्या सांध्यावर एक ओरखडा पडला तरी टू-स्ट्रोकमध्ये तिथून हवा खेचली जाऊ शकते, मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन जाम होऊ शकतो.

आधी क्रँककेसच्या (बोअरखालच्या इंजिनाच्या भागाच्या) तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. मग पेंट रिमूव्हर ब्रशने लावा, हातमोजे घालून बरं का, वरून प्लास्टिक झाका म्हणजे सुकत नाही, आणि १५-२० मिनिटं गप चहा प्या. मऊ झालं की नवीन ब्लेड एकदम आडवं धरून हळूहळू सरकवा, निघत नसेल तर जोर नका लावू, परत रिमूव्हर लावा, माझं तर तीनदा लावून निघालं.

ग्राइंडरला घासायची चकती लावून तर अजिबात नको, ती पावडर बेअरिंगमध्ये जाते, शिवाय जुन्या गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून कोरडं घासूच नका, मास्क लावा. शेवटी थिनरने पुसून काही चिकटून राहिलंय का ते नखाने चाचपून बघा.