क्यूबसॅट बनवताय? मग या चुका टाळा

नवीन टेक्नॉलॉजी अंतराळात खरंच चालते का हे बघायला क्यूबसॅट, म्हणजे ठरलेल्या मापाचा छोटा सॅटेलाइट, मस्त पर्याय आहे, १० सेंटिमीटरचा घन म्हणजे एक युनिट, हवी तेवढी जोडा. पण होतं काय, टीमचा सगळा जीव पेलोडमध्ये (म्हणजे ज्या प्रयोगासाठी सॅटेलाइट बनवला त्या उपकरणात) अडकलेला असतो आणि बॅटरी, अँटेना, सॉफ्टवेअर "नंतर बघू" वर ढकललं जातं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पूर्ण जोडलेला सॅटेलाइट जमिनीवर सलग कित्येक दिवस न चालवणं. लाइटसेल १ हा क्यूबसॅट बघा, २०१५ मध्ये सौर शीड (सूर्यप्रकाशाच्या दाबावर चालणारं शीड) उघडून दाखवायला गेला आणि दोनच दिवसांत सॉफ्टवेअर हँग, कारण बीकनचा (सॅटेलाइट ठराविक वेळाने आपोआप पाठवतो त्या सिग्नलचा) डेटा एका फाइलमध्ये साठत होता आणि ती ३२ एमबीच्या पुढे गेली. जमिनीवरून रीबूटच्या कमांड पाठवून काही होईना, शेवटी आठेक दिवसांनी तो आपोआप रीबूट झाला म्हणून पुढे शीड उघडता आलं. तासाभराच्या टेस्टमध्ये असला बग दिसणारच नाही हो! हार्डवेअर वॉचडॉग (प्रोसेसर अडकला की त्याला आपोआप रीसेट करणारं सर्किट) टाकाच, आणि प्रोसेसर मुद्दाम हँग करून तो रीसेट देतो का ते तपासा.

बॅटरीचं पण तसंच. लिथियम-आयन सेल शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज केला की आत लिथियम धातू साचतो आणि क्षमता कायमची कमी होते. पृथ्वीभोवतीच्या साधारण ९० मिनिटांच्या फेरीत अर्ध्या तासाच्या वर सावली असू शकते, तेव्हा हीटरची पॉवर हिशोबात आधीच धरा.

अँटेना लाँचच्या वेळी दोऱ्याने बांधून ठेवतात आणि वर गेल्यावर तो दोरा जाळून उघडतात, ती दोरा जाळायची टेस्ट थंडीत आणि व्हॅक्यूममध्येच करा, पहिल्या वेळी नाही जळला तर पुन्हा प्रयत्न करायचं कोडमध्ये हवंच.

आणखी एक, प्रयोग फसला तर का फसला हे सांगणारे सेन्सर ठेवा. एस्टोनियाचा एस्टक्यूब-१ २०१३ मध्ये गेला, त्यात इलेक्ट्रिक सौर शिडाच्या प्रयोगासाठी रिळावर तार गुंडाळलेली होती, ती सुटलीच नाही. अशा वेळी मोटरचा करंट, रिळाचे फेरे, एखादा फोटो असं काही हातात असेल तरच पुढच्या टीमला उपयोग, नाहीतर नुसते अंदाज.

लाँचनंतर सिग्नल नाही आला तर लगेच घाबरू नका. एकाच रॉकेटमधून बरेच सॅटेलाइट सुटतात, त्यामुळे सुरुवातीला आपला ऑब्जेक्ट कुठला तेच कळत नाही, म्हणून शेजारच्या ऑब्जेक्टचे ऑर्बिट डेटा पण लावून बघा. ४३७ मेगाहर्ट्झला डॉप्लरमुळे (सॅटेलाइट वेगाने जवळ येतो-लांब जातो म्हणून) सिग्नलची फ्रीक्वेन्सी साधारण १० किलोहर्ट्झ इकडेतिकडे सरकते, रिसीव्हरची पट्टी अरुंद असेल तर सिग्नल असूनही हुकतो. आणि बीकनचा फॉरमॅट लाँचच्या आधीच सगळ्यांसाठी खुला करा, म्हणजे जगभरातले हॅम रेडिओवाले (हौशी रेडिओ चालवणारे) तुमच्यासाठी ऐकू शकतात.